सुका चौतीस, ओला अठ्ठावीस

उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी जाते ती तीन वाटांनी: वहन, अभिसरण आणि प्रारण. हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की माझ्या निरोप समारंभात एका विद्यार्थ्याने भाषणाऐवजी तेच म्हणून दाखवलं आणि टाळ्या मिळवल्या. बाष्पीभवन मात्र पुढच्या धड्यात होतं. तो धडा दिवाळीनंतर यायचा, तेव्हा स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असायच्या, आणि मी तो ‘घरी वाचा’ म्हणून सोडून द्यायचो. विद्यार्थ्यांनी घरी वाचला नाही. मीही नाही.

याचा डुकरांशी संबंध आहे, तो असा.

माझ्या भाच्याची बांद्याजवळ पिगरी आहे. सिंधुदुर्गात हा धंदा केला की गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागत नाही; हद्द ओलांडली की गोवा, आणि गोव्यात सोरपोतेल-चौरिसांची भूक बारमाही. चिऱ्याच्या अर्ध्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे, खाली कोबा, मागे नारळाची चार झाडं. लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या दहा-बारा गोऱ्यापान माद्या, त्यांचा कुटुंबकबिला, आणि शिवाय एक काळी, ठेंगणी गावठी डुकरीण. गोव्याकडची ही गावठी जात आता ‘आगोंदा गोवन’ या नावाने देशाच्या अधिकृत नोंदवहीत चढली आहे. तिच्या चालण्यातही ते दिसायचं.

मे महिन्यात भाच्याची बायको बाळंतपणाला बेळगावला माहेरी होती. तारीख जवळ आली तसा हाही निघाला. जाताना म्हणाला, “मामा, काकी सगळं बघते. तू फक्त रात्रीचा सोबतीला राहा. कशाला हात लावू नको.” शेवटचं वाक्य त्याने संकोचापोटी टाकलं असावं, असं मी धरून चाललो. ज्या माणसाने अर्ध्या तालुक्याला उष्णता शिकवली, त्याला ऐन मे महिन्यात पत्र्याच्या शेडवर बोलावून नुसतं बसवून ठेवायचं, हे कोणाला पटेल?

निवृत्त होताना सहकाऱ्यांनी मला लाकडी फळीवर बसवलेली थर्मामीटरची जोडी भेट दिली होती. एक सुका, एक ओला. ओल्याच्या बल्बवर मलमलीची वात, वातीचं टोक पाण्याच्या कुपीत. दोन्हींतल्या फरकावरून हवेतला दमटपणा काढायचा. भेट मिळाल्यापासून तिला काही काम नव्हतं आणि मलाही नव्हतं. आम्ही दोघं एसटीने बांद्याला उतरलो.

काकी म्हणजे वाडीतल्या सगळ्यांचीच काकी. वय माझ्याएवढंच, आवाज दुप्पट. तिने फळीकडे पाहिलं आणि विचारलं, “मास्तरांनू, ह्या घड्याळाक काटे खंय?” मी तिला उपकरणाची माहिती दिली. तिने ती सगळी ऐकून घेतली आणि शेवटी “बरां” म्हणाली. पुढे ती त्याला घड्याळच म्हणत राहिली.

मी खिळा ठोकला, नीट वाचता यावं म्हणून माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि फळी टांगली. सुका चौतीस, ओला अठ्ठावीस. आर्द्रता साधारण त्रेसष्ट टक्के. वहीत टिपलं. मग डुकरांकडे पाहिलं.

तिथल्या प्रत्येक कप्प्याचे दोन भाग. वरच्या अंगाला कोरडा झाडलेला कोबा, तो झोपण्यासाठी. खालच्या अंगाला उतार, पाण्याचा नळ आणि मोरी, ती बाकीच्या विधींसाठी. डुक्कर मुळात टापटिपीचं, झोपायची जागा आणि घाणीची जागा ते आपणहून वेगळी ठेवतं, असं भाचा मला लग्नाकार्यांत अभिमानाने ऐकवत आला होता. इथे सगळं उलटं. अख्खी गोरी मंडळी मोरीकडच्या ओल्या घाणीत कुशीवर, चारी पाय ताणून, एकमेकांपासून हातभर अंतर राखून पसरलेली. आणि विधी उरकलेले कुठे, तर वरच्या स्वच्छ कोब्यावर. भाच्याची पाठ वळली आणि शिस्त बिघडली, याहून वेगळा अर्थ मला सुचला नाही.

मी बांबू घेऊन आत शिरलो. ऐंशी-नव्वद किलोचं डुक्कर उठवायला बांबू पुरत नाही, त्याची संमती लागते. हुश्श, हाड, चल, ऊठ, असं करत मी एकेकाला वर नेलं, कोबा धुतला, पुसला, आणि झोपायला गोडी वाटावी म्हणून त्यावर भाताच्या पेंढ्याची जाड गादी घातली. त्यांनी पेंढा हुंगला, थोडा खाल्ला, आणि एकामागून एक परत मोरीत जाऊन पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच ऐटीत पडली. मी पुन्हा वर आणली. ती पुन्हा खाली गेली. संध्याकाळपर्यंत मी घामाने निथळत होतो आणि एकाही डुकराच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. याचा अर्थ डुकरांना उकडत नाही, असा निष्कर्ष मी वहीत नोंदवला. तारीख घालून, खाली सही करून.

दुसऱ्या दिवशी मी वाऱ्याकडे वळलो. दुपारी अर्ध्या भिंतीवरून जो वारा यायचा तो तापलेल्या कातळावरून यायचा. गरम वारा आत घेऊन शेड थंड कसं राहील? मी ताडपत्र्या शोधल्या आणि दोन्ही बाजू झाकून टाकल्या. मग पाइप घेतला आणि आतली डुकरं, भिंती, कोबा, सगळं मनसोक्त भिजवलं. अर्ध्या तासाने फळीकडे पाहिलं. सुका थर्मामीटर चौतिसावरून बत्तिसावर आला होता. दोन अंश! ओला मात्र अठ्ठावीसवरून तीसवर गेला होता. पण चांगली बातमी एका वेळी एक घ्यावी असा माझा स्वभाव आहे.

डुकरांनी माझी बातमी वाचली नव्हती. ती धापा टाकत होती. एकीच्या बरगड्या मी मोजल्या, म्हणजे मिनिटाला किती वेळा वरखाली होतात ते मोजलं, तर साठच्या पुढे. निवांत डुकराचा श्वास वीस-तीसच्या घरात असतो. काकी आली, दारातच थबकली, काही बोलली नाही. पदर खोचला आणि ताडपत्र्यांच्या दोऱ्या कोयत्याने तोडत सुटली. एका बाजूने वारा आत आला. ओल्या अंगावरून तो फिरला तशा बरगड्या हळूहळू मंदावल्या. सुका थर्मामीटर पुन्हा चौतिसावर चढला. म्हणजे माझ्या नोंदीनुसार परिस्थिती बिघडली होती.

“मास्तरांनू,” काकी म्हणाली, “घड्याळ बघू नका. डुकरां कशी निजलीत ती बघा. हातपाय पसरून, आंगाक आंग लागूक देनत नाय, म्हंजे उकडता. पोटाखाली पाय घेवन एकमेकांर चढली, म्हंजे थंडी.”

मी म्हटलं, काकी, हे निरीक्षण झालं, मापन नव्हे.

काकी पुन्हा “बरां” म्हणाली.

शेडच्या मागे, नारळाखाली, धुण्याचं पाणी साचून झालेला एक खड्डा होता. काळी गावठी डुकरीण दुपारभर त्यात असायची. नुसतं नाक आणि दोन कान वर. इतकं अस्वच्छ दृश्य मला सोसवेना. खड्डा जांभ्याच्या डबरीने बुजवायचा मी बेत केला. शेडवर कामाला येणाऱ्या गड्याला तसं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि दुपारनंतर तो दिसलाच नाही. शेवटी मीच फावडं घेऊन काठावर उभा राहिलो. पहिलं फावडं टाकलं. दुसऱ्याबरोबर मीही गेलो.

पडलो तो कुशीवर. चष्मा कुठे गेला कळलं नाही. शेजारच्या काळ्या बाईंनी एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि शांतपणे हातभर पलीकडे सरकल्या. अंगाला अंग लागू नये म्हणून. मला उठायचं होतं, पण पाय रोवायला तळ सापडेना. आणि खरं सांगायचं तर दुपारी दोनच्या उन्हातून तिथे पोचल्यावर उठायची फार घाईही वाटेना. चिखल गार होता. मान टेकवली तर तीही गार झाली.

नेमकी तेव्हाच मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. तालुक्याला नव्याने आलेला पशुवैद्य लसीकरणाला येणार होता, हे काकीने सकाळी सांगितलं होतं. तो माझा विद्यार्थी आहे हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

“सर?” तो म्हणाला.

“अरे, ये ये,” मी म्हणालो. “बाष्पीभवन बघतोय.”

पशुवैद्यकाच्या पदवीत हसू दाबण्याचा एक पेपर असावा. त्याने मला हाताला धरून बाहेर काढलं, माझा चष्मा डुकरिणीच्या बाजूने शोधून दिला, आणि मी अंगावर बादल्या ओतून घेत असताना तो नारळाला टेकून बोलत राहिला. सर, डुकराला घर्मग्रंथी आहेत, पण थोड्या, आणि अंग थंड करायला जवळजवळ निरुपयोगी. वरून कातडीखाली चरबीचा थर. मग उकडलं की त्याच्या हातात उरतं काय? धाप टाकणं, अंग ओलं करणं आणि थंड जमिनीला जास्तीत जास्त चिकटणं. पोटाखाली पाय घेऊन बसलं तर अंगाचा जेमतेम दहावा हिस्सा जमिनीला लागतो. कुशीवर सपाट पडलं तर पाचवा. ते तुमचा अपमान करायला आडवं पडत नाही, सर, ते वहन करतंय. मोरीकडचा कोबा ओला, म्हणून गार. तुम्ही पेंढा घातलात तो उष्णतेचा दुर्वाहक. आणि पाणी अंगावरून काही मिनिटांत सुकतं, पण चिखलाचा लेप तास-दोन तास ओल धरून ठेवतो आणि तेवढा वेळ बाष्पीभवन चालू राहतं. शिवाय ही गोरी कातडी उन्हाने भाजते, तिला चिखलाची सावलीही होते.

“एक ग्रॅम पाण्याला पाचशे चाळीस कॅलरी,” मी ओलेत्याने म्हणालो. कुठेतरी आपलीही बाजू राहिली पाहिजे.

“ती उकळत्या पाण्याची, सर. अंगाच्या तापमानाला पाचशे ऐंशीच्या आसपास लागतात.” मग थोडा थांबून म्हणाला, “तुम्ही तो धडा आम्हाला घरी वाचायला सांगितला होता.”

त्या रात्रीपासून तो मला मोबाइलवर वाचायला पाठवू लागला. गुरुदक्षिणा म्हणून पाठवत होता की सूड म्हणून, ते त्याने सांगितलं नाही. खाटेवर मच्छरदाणीत बसून मी डुकरांच्या झोपेवर इतकं वाचलं की स्वतःची उडाली. गोठ्यातलं डुक्कर दिवसाचा सुमारे चार पंचमांश वेळ पडून असतं. म्हणजे पडणं हा त्याचा फावला उद्योग नव्हे, तोच मुख्य. केंब्रिजजवळच्या बाब्रहॅमच्या संशोधन संस्थेत लॉरेन्स माउंट यांनी डुकरांच्या थंडी-उष्म्यावर आयुष्य वेचलं आणि १९६८ साली त्यावर अख्खं पुस्तक काढलं. त्याच संस्थेत बॉल्डविन आणि इन्ग्रॅम या जोडीने त्याच दशकात डुकरांना नाकाने बटण दाबायला शिकवलं. बटण दाबलं की काही क्षण गरम दिवा लागायचा. थंडी जितकी जास्त तितकी बटणं जास्त. पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात स्टॅन्ली कर्टिस यांनी दूध तोडलेल्या पिल्लांच्या ताब्यात हीटर दिला, तर पिल्लांनी दुपारी ऊब मागितली आणि रात्री शेड बरंच गार ठेवलं. मालक रात्रभर जे इंधन जाळत होते ते पिल्लांच्या मते फुकट चाललं होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं इतकंच.

मला सर्वांत लागलं ते डच संशोधन. वाखेनिंगनच्या मंडळींनी डुकरं कुठल्या तापमानाला झोपायची जागा सोडून घाणीत पडू लागतात आणि विधी भलत्या जागी उरकू लागतात ते मोजलं. पंचवीस किलोच्या डुकरात हा बिघाड २५ अंशांच्या आसपास सुरू होतो, आणि जनावर शंभर किलोच्या पुढे गेलं की २० अंशांच्या आसपासच. मोठं शरीर उष्णता जास्त निर्माण करतं आणि वजनाच्या मानाने तिला बाहेर पडायला कातडी कमी मिळते. बांद्याला मे महिन्यात पहाटे साडेपाचला पारा पंचवीसवर असला तर लोक अंगावर चादर घेतात. म्हणजे माझ्या गोऱ्या मंडळींची शिस्त बिघडली नव्हती. हॉलंडच्या हिशेबाने त्यांनी ती गेल्या मार्चपासून पाळलेली होती. मी बांबू घेऊन जे हाकत होतो ते भौतिकशास्त्र होतं.

सकाळी मी पेंढा स्वतः काढला. काकीने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तरीही आता माझी सैद्धांतिक तयारी भक्कम झाली होती, आणि तेवढ्यात एक मादी व्यायला आली. काकीने तिला वेगळ्या कप्प्यात पेंढा दिला होता. डुकरीण तो तोंडाने उचलून कोपऱ्यात रचत होती, पायांनी उकरत होती, पुन्हा रचत होती. खूर असलेल्या प्राण्यांत घरटं बांधणारी ही जवळजवळ एकटीच. रानात ती कळपापासून दूर जाऊन फांद्या-गवताचं घरटं करते, आणि पिढ्यानपिढ्या कोब्यावर काढूनही हातातलं काम विसरलेली नाही. काकीचं म्हणणं, परक्या माणसाने या वेळी बघू नये, दृष्ट लागते. अंधश्रद्धेला खतपाणी घालायचं नाही म्हणून मी बघायला गेलो. डुकरिणीने काम थांबवलं, माझ्याकडे पाठ केली आणि मी हलेपर्यंत पुन्हा सुरू केलं नाही. दृष्ट वगैरे काही लागली नाही. फक्त तिला मी नको होतो.

पहाटे दहा पिल्लं झाली. कोपऱ्यात काकीने एक जुनं लाकडी खोकं पालथं घातलं होतं, त्याला दार कापलेलं, आत गोणपाट आणि वरून टांगलेला पिवळा बल्ब. भिंतीवर भाच्याने लावलेला तक्ता होता: नवजात पिल्लू ३२ ते ३५, दूध तोडलेलं २६ ते २८, मोठं २० च्या आसपास, पाजणारी आई १८ ते २०. मी तक्ता पाहिला, थर्मामीटर पाहिला. तेहतीस. पिल्लांना हवं तेवढं आहेच की! मग भर मे महिन्यात बल्ब कशाला? आणि आई मात्र धापा टाकतेय, तिला पंधरा अंश जास्त होतायत. मी खोकं बाजूला केलं, बल्ब बंद केला, आणि भाच्याच्या खोलीतला उभा पंखा आणून तीनवर लावला. आईने समाधानाने पाय ताणले. माझ्या निवृत्तीनंतरचा हा पहिला निर्भेळ यशाचा क्षण. तो काकी येईपर्यंत टिकला.

पिल्लं ओली होती. खाली कोबा ओला होता. वर पंखा तीनवर होता. थर्मामीटर तेहतीस दाखवत होता तो माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, कोरड्या भिंतीवर. त्या कप्प्यात नीट मोजला जात होतो तो मी एकटाच. खाली पोटाखाली पाय घेतलेला, थरथरणारा, एकावर एक चढलेला दहा जणांचा ढीग आईच्या पोटाकडे सरकत होता, कारण आता तीच एक गरम वस्तू उरली होती. आणि आई, गार वाऱ्याने सुखावलेली, कूस बदलायच्या बेतात होती.

“पंखो बंद करा! पिल्लां चिरडतली!” काकी ओरडली आणि आत उडी घेतली. दीडशे किलोचं धूड खाली येता येता तिने तळातलं पिल्लू मागच्या पायाला धरून ओढलं. ते किंचाळलं, म्हणजे बरं होतं. खोकं परत कोपऱ्यात, बल्ब चालू, पिल्लं फडक्याने पुसून एकेक करून आत. थोड्या वेळात ढीग सुटा झाला आणि सगळी शेजारी-शेजारी कुशीवर पडली. पंखा काकीने बंद केला नाही. त्याचं तोंड फिरवून फक्त आईच्या डोक्याकडे केलं, आणि एकवर ठेवला.

तिने मला काही सुनावलं नाही. घड्याळ मात्र खिळ्यावरून काढलं, माझ्या हातात दिलं आणि खोक्याच्या आत, पिल्लाच्या नाकाजवळ बोट दाखवून म्हणाली, “हय लावा.”

रात्री पशुवैद्याला फोन केला, सगळं न सांगता. त्याने विचारल्याशिवायच सांगितलं की बहुतेक सस्तन प्राण्यांच्या नवजातांना अंगात ऊब तयार करणारी एक खास तपकिरी चरबी असते. डुकरांच्या पूर्वजांनी ती ऊब निर्माण करणारा जनुक सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी निकामी करून टाकला. त्यामुळे पिल्लाजवळ कुडकुडणं आणि भावंडांना चिकटणं एवढंच भांडवल. दोन कोटी वर्षांपूर्वीचा निर्णय, आणि मी पंखा लावला.

यानंतर माझ्यात बदल झाला. काकीची पद्धत मी पूर्णपणे आत्मसात केली. घड्याळ बंद, नजर डुकरांवर. एका रात्री वळीव आला, विजा, गारवा, ओल्या मातीचा वास, पारा पंचवीसच्या खाली. टॉर्च घेऊन मी दूध तोडलेल्या पिल्लांच्या कप्प्यावर गेलो, तर ती सगळी एका ओळीत एकमेकांना चिकटून झोपलेली. चिकटली म्हणजे थंडी! मी गोणपाटं आणली, पांघरली, ताडपत्रीची एक बाजू पुन्हा बांधली, आणि मदत पोचली या समाधानाने परतलो. थोड्या वेळाने पुन्हा गेलो तर ती गोणपाटांतून बाहेर येऊन दूर दूर पसरलेली. म्हणजे उकडतंय! ताडपत्री सोडली. ती परत चिकटली. बांधली. रात्रभर मी दोरी बांधत आणि सोडत होतो, आणि पिल्लं जमेल तशी झोपत होती.

सकाळी काकीने उलगडा केला. एकमेकांवर चढली तर थंडी, अंतर ठेवून पसरली तर उकाडा, आणि बाजूबाजूला नुसती टेकून पडली, निम्मी कुशीवर, निम्मी पोटावर, “तर ती बरी हत, मास्तरांनू. तेंका निजाक दिवचा.” माझ्या वाचनात हेही होतं. पण माउंटसाहेबांनी मांडलेलं आणि रात्री दोनला टॉर्चच्या उजेडात दिसलेलं यांत मला दोनच प्रकार आठवले, तिसरा आठवला नाही. बाष्पीभवनाचंही असंच झालं होतं.

भाचा मुलगी झाल्याचे पेढे घेऊन आला. त्याने शेड पाहिलं, पिल्लं मोजली, दहाच्या दहा. मग माझी वही चाळली. पानापानावर सुका, ओला, आर्द्रता, सही. “मामा,” तो म्हणाला, “हे सगळं तू हात न लावता केलंस?” काकी तिथेच उभी होती. ती नळ सोडायला निघून गेली. तिने मला वाचवलं की भाच्याला, सांगता येत नाही.

खड्डा भाच्याने बुजवला नाही. उलट थोडा मोठा केला आणि गोऱ्यांसाठी वेगळा दुसरा खणला. मोरीवर चुडतांची सावली घातली. माझी थर्मामीटरची जोडी त्याने ठेवून घेतली आणि खोक्यापासून वीतभर उंचीवर लावली. काकी म्हणे अजूनही तिच्याकडे बघत नाही, पण तिच्यातलं पाणी मात्र न चुकता भरते.

घरी आल्यावर मी ही सगळी विद्या बायकोला समजावून सांगितली. आडवं पडण्याचे प्रकार, जमिनीला लागणारा पाचवा हिस्सा, अंतर, सगळं. तिने भाजी निवडत ऐकलं. मला वाटलं, ऐकत नाहीये.

परवा दुपारी मी जेवून हॉलमध्ये फरशीवर टेकलो होतो, आणि आत तिचा पुण्याला मुलीशी फोन चालू होता. “नाही गं, इकडे अजून तेवढं उकडत नाहीये,” ती सांगत होती. “एसीची सर्व्हिसिंग पुढच्या आठवड्यात केली तरी चालेल. तुझे बाबा अजून सोफ्याच्या पायाला टेकून आहेत. पसरून मोरीकडे सरकायला लागले की लगेच माणूस बोलावते.”